दुसऱ्या भागातला आबा

"बापाचं पार मातेरं केलं हो!" औषधांचा दुकानदार दारातून बाहेर पडता पडताच ओरडला. "पहिल्यात देवमाणूस आणि दुसऱ्यात खवीस! ह्याच्यासाठी अकरा वर्षं थांबवलं होतं होय आम्हाला?"

"हळू बोला, मागे लोक आहेत," त्याची बायको म्हणाली.

"असू देत! त्यांचाही घसाच बसलाय, म्हणून गप्प आहेत." त्यानं हातातलं अर्धं तिकीट उजवीकडच्या पत्र्याच्या पेटीत असं काही कोंबलं, की जणू त्या पेटीनंच सिनेमा काढला होता.

त्याच्या मागून शिकवण्या घेणाऱ्या बाई आल्या. चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "खवीस कसला? माझे वडील अस्सेच होते. पहिल्या भागातला तो बाप मी आजवर कुणाच्याच घरी पाहिला नाही. हा मात्र पाहिलाय."

"मग घरीच बसायचं होतं वडिलांकडे बघत. तिकीट कशाला काढलंत?"

"वडील गेले," बाई म्हणाल्या. त्यांनी आपलं तिकीट डावीकडच्या पेटीत टाकलं आणि मागं न बघता पायऱ्या उतरून गेल्या. औषधवाल्याच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहून "झालं समाधान?" एवढंच विचारलं.

दोन पेट्यांच्या मधोमध टॉकीजचा डोअरकीपर उभा होता. चेहरा मख्ख, हात पाठीमागे. आतून मात्र त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. 'खवीस' हा शब्द त्यानं मनात दोन-तीनदा घोळवून पाहिला आणि तो त्याला फारच आवडला.

या टॉकीजची एक जुनी रीत होती. मॅनेजरच्या वडिलांनी ती पाडली आणि मुलानं ती मोडली नाही. बाहेर पडायच्या दारात दोन पेट्या. डावीवर 'आवडला' अशी पत्र्याची पाटी अडकवलेली, उजवीवर 'नाही आवडला'. प्रेक्षकानं जाताना आपलं अर्धं तिकीट कुठल्याही एका पेटीत टाकायचं. बाहेरून येणाऱ्या मोठ्या सिनेमांना त्यानं काही फरक पडत नसे, त्यांचे करार आधीच झालेले असत. पण गावातल्याच कुणी सिनेमा काढला, तर शुक्रवारपासून रविवारच्या दुपारपर्यंत पेट्या भरायच्या, मग त्या वरच्या ऑफिसात उघडायच्या, आणि ज्या पेटीत ढीग मोठा तिचा शब्द शेवटचा. सिनेमा दुसरा आठवडा चालणार की सोमवारी उतरणार, हे पेटी ठरवायची. तिथं वशिला नाही, रडारड नाही.

गावातल्या कुणी सिनेमा काढणं रोज थोडंच घडतं? आजवर एकानंच काढला होता, आणि तो डोअरकीपरचा सख्खा मेहुणा होता. मेहुण्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग करता करता त्याला सिनेमाचं वेड लागलं आणि अकरा वर्षांपूर्वी त्यानं गावातल्याच माणसांना घेऊन पहिला भाग काढला. मुलाला शिकायला परदेशी पाठवण्यासाठी शिलाई मशीन विकणारा एक शिंपी बाप, अशी गोष्ट. बापाचं काम करणाऱ्या माणसाला ऐनवेळी गालगुंड झालं, म्हणून मेहुण्यानं बहिणीच्या नवऱ्याला उभं केलं. शेवटी गाडी निघते आणि बाप रिकाम्या फलाटावर हात हलवत राहतो, एवढंच त्यानं केलं. पण अख्खं गाव ढसाढसा रडलं. सिनेमा आठवड्यामागून आठवडे चालला.

त्या सिनेमातल्या बापाचं नाव आबा. तेव्हापासून डोअरकीपरचं नावही आबाच झालं. ज्याला स्वतःचं मूल नाही, त्याला गावातली पोरं-थोरं आबा म्हणू लागली. नवीन दुकानाची फीत कापायला आबा, शाळेत बक्षिसं वाटायला आबा. तिकीट फाडून घेताना लोक वाकून विचारत, "कसे आहात आबा?" आणि हा पडद्यावरचं तेच हसू हसत म्हणे, "तुम्ही सुखी, तर आम्ही सुखी." माणसाला एखादा अंगरखा असा मापात बसतो, की तो उसना आहे हे तोही विसरतो आणि बघणारेही. फक्त घरी गेल्यावर तो उतरवावा लागतो.

मग दुसरा भाग आला. मेहुणा एका संध्याकाळी घरी येऊन खुर्चीच्या टोकावर बसला आणि चाचरत म्हणाला, "भावोजी, ह्या वेळचा आबा जरा वेगळा आहे. मुलगा खूप वर्षांनी परत येतो आणि त्याला बाप खरा कसा आहे ते कळतं, असं आहे. तुम्हाला... तुम्हाला ते करायला नको वाटेल."

"मला जमणार नाही, असं सरळ म्हण ना."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. बहीण खाली मान घालून भाजी निवडत राहिली. "बाहेरगावचा एक नट बघितलाय," मेहुणा म्हणाला.

त्या दिवशी डोअरकीपरनं ठरवलं, हा सिनेमा आपण बघायचा नाही आणि चालूही द्यायचा नाही. पहिलं ठरवणं सोपं होतं. दुसऱ्यासाठी त्याला शुक्रवारची वाट पाहावी लागली.

शुक्रवार उजाडला आणि त्यानं तोंडाचा पट्टा सोडला. औषधवाल्यासारखे लोक आपलं आपण ओरडत होते, त्यांच्यावर मेहनत घ्यायची गरज नव्हती. त्यानं लक्ष ठेवलं ते कुंपणावरच्या लोकांवर. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक साधा माणूस हातात तिकीट धरून दोन्ही पेट्यांकडे आळीपाळीनं बघत होता.

"काय, पहिल्याची सर नाही ना?" आबानं मायेनं विचारलं.

"तसं नाही आबा... शेवटी जरा गलबलून आलं."

"गलबलून तर बोटीत बसल्यावरही येतं. पहिल्या वेळी कसे बाहेर पडला होता, आठवतंय? पोराला खांद्यावर घेऊन. आणि आता आरशात बघा, थोबाड कसं झालंय."

पंपवाला ओशाळून हसला. "ते बाकी खरं. तुम्ही नाहीत म्हटल्यावर मजा नाहीच."

"माझं सोडा हो. मी काय, असलो काय, नसलो काय. शिळ्या कढीला ऊत आणला की असंच व्हायचं."

तिकीट उजव्या पेटीत पडलं. आबानं पंपवाल्याच्या पाठीवर थाप मारली. समोरच्या खांबाशी आबाची स्वतःची बायको उभी होती, तिच्याशी नजरानजर झाली तेव्हा तो छतावरचा पंखा बघायला लागला.

ती प्रत्येक खेळाला येत होती. पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत बसायची आणि खेळ सुटला की त्या खांबाला टेकून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे बघायची. हे त्याला बघवत नव्हतं. भावाचं कौतुक समजू शकतो, पण एवढं? शनिवारी सकाळी ती चहा ओतताना म्हणाली होती, "एकदा बघा ना तुम्ही."

"मी नाही त्यात बघायचं काय?"

"आहात," ती म्हणाली.

त्याला वाटलं, ही मनधरणी करतेय. त्यानं फुर्र करून चहा प्यायला आणि विषय संपवला.

शनिवारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की लक्षण ठीक नाही. शिव्या देणारे पुष्कळ होते, पण नावडलेला माणूस ओरडत बाहेर येतो आणि आवडलेला गप्प घरी जातो. गप्प जाणारे फार होते. दोन कॉलेजच्या मुली डावीकडे तिकीट टाकून न बोलता गेल्या. टायरच्या दुकानातला आडदांड मालक डावीकडे टाकून गेला आणि पायऱ्यांवर थांबून त्यानं आईला फोन लावला. एक म्हातारं जोडपं आलं. म्हाताऱ्यानं तिकीट उजवीकडे टाकलं, म्हातारीनं त्याच्याकडे बघत बघत डावीकडे टाकलं आणि दोघं चार हातांचं अंतर ठेवून चालू लागली. मग कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर भांडणं जुंपली. एक म्हणे, पहिल्या भागाची अब्रू घालवली. दुसरा म्हणे, पहिला भाग गोड थाप होती, हा खरा. सलूनवाल्यानं वादाच्या भरात एकाची अर्धी मिशी जास्त कापली, असंही ऐकू आलं.

रविवारी दुपारी बाराचा खेळ सुटला. आता पेट्या वर न्यायच्या. हे काम वर्षानुवर्षं आबाचंच होतं, त्यात दुसरा कुणी हात घालत नसे. एक पेटी या काखेत, एक त्या काखेत, आणि मागच्या अंधाऱ्या जिन्यानं ऑफिसात.

डावी पेटी जड होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली जड. जिन्याच्या वळणावर तो थांबला, दोन्ही पेट्या पायरीवर ठेवल्या आणि दोन्हींच्या पाट्या आकड्यातून काढून अदलाबदल करून अडकवल्या. एक शिंक द्यायला लागतो तेवढा वेळ लागला. आपण अन्यायाचं निवारण केलं, असं वाटून त्याला हलकं वाटलं. मग त्यानं पेट्या उचलल्या आणि वर जाऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या.

मॅनेजरनं झाकणं उघडली, दोन्ही ढिगांकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मोजायचीही गरज नाही. नाही आवडला लोकांना. मला वाटलंच होतं, खाली काय आरडाओरडा चालला होता दोन दिवस."

"पब्लिक आहे साहेब," आबा म्हणाला. "त्याच्यापुढं कुणाचं चालतं?"

"तुमच्या मेहुण्याला वाईट वाटेल हो. शेजारच्या शहरातला तो वितरक थांबलाय ना. इथं दुसरा आठवडा लागला तरच मी तिथं लावतो, म्हणालाय."

"वाईट वाटून कसं चालेल? धंदा आहे."

"आजचे खेळ होऊ देत. उद्यापासून दुसरा सिनेमा लावू. पोस्टर संध्याकाळी चढवतो."

तीनचा खेळ सुरू झाला. एकदा लोक आत बसले की डोअरकीपरला काम नसतं. एरवी तो बाहेर स्टुलावर बसून पेंगायचा. आज त्याला झोप येईना. जिंकलेल्या माणसाला हरलेल्याचं तोंड बघावंसं वाटतं, तसं त्याला वाटलं, बघू तरी आत काय दिवे लावलेत. त्यानं हळूच पडदा सारला आणि शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसला.

पडद्यावर तो नट होता. बघताक्षणी आबानं त्याला ओळखलं. हा किडकिडीत माणूस वर्षभरापूर्वी टॉकीजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा. भाड्यानं खोली शोधतोय म्हणाला होता. त्यानं आबाला रोज चहा पाजला आणि आबानं त्याला गावातल्या एकेकाची कुंडली सांगितली; कोण कसा दीडशहाणा, कुणाची मुलगी कशी वाया गेली, कोण कसा उपटसुंभ. तो माणूस मान डोलवत ऐकत होता. चहाचे पैसे वसूल करत होता मेला!

नटानं खोकून घसा साफ केला आणि शेजाऱ्याच्या नव्या घराबद्दल म्हणाला, "घर छान आहे. पण जिना बघितलास? म्हातारपणी पडून मरणार."

लोक हसले. आबालाही हसू आलं, कारण वाक्य चांगलं होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की ते वाक्य त्याचंच आहे. खोकणंही त्याचंच. बोलून झाल्यावर हनुवटी वर करून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळताना बघणं, तेही त्याचंच. त्याला कुणी आजवर असा आरसा दाखवला नव्हता. पहिल्यांदा राग आला तो नटाचा, की हा माझ्यापेक्षा बरं करतोय.

पुढं पडद्यावरची आई गाडी चालवायला शिकते. पंचेचाळिशी उलटलेली बाई, चोरून शिकते, परवाना मिळवते आणि धापा टाकत घरी येऊन नवऱ्यापुढं धरते. आबा खुर्चीत सरळ झाला. नट परवाना उलटासुलटा बघतो आणि म्हणतो, "परीक्षा घेणारा झोपला होता का गं?"

लोक पुन्हा हसले, पण पडद्यावरची बाई परवाना कपाटात साड्यांखाली सरकवते तेव्हा हसणं मध्येच तुटलं. पुढं कधीच ती गाडीला हात लावत नाही. आबाला माहीतच होतं. त्याच्या घरच्या कपाटातही तो तसाच पडून होता.

त्याची नजर पुढच्या रांगेकडे गेली. अंधारात बायकोचा अंबाडा दिसत होता. ती अजिबात हलत नव्हती.

आणि मग तो दवाखान्याचा प्रसंग आला. लांबलचक व्हरांडा, एक बाक. आई त्या बाकावर बसलीय, पोट रिकामं झालेलं, मुलगी जन्मण्याआधीच गेलेली. हा मुलगा व्हायच्या आधीची गोष्ट. शेजारी बाप बसलाय, रुमालानं चष्म्याची काच पुसतोय. बराच वेळ पुसतो. मग चष्मा घालतो आणि अगदी शांतपणे म्हणतो, "जाऊ दे. तसंही तुला सांभाळायला जमलं नसतं."

कुणीच हसलं नाही. मधल्या रांगेत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

ते वाक्य तो बोलला होता. तीस वर्षांपूर्वी, असल्याच बाकावर. त्या व्हरांड्यात तेव्हा तिसरं माणूस नव्हतं. समजूत घालायची म्हणून बोलला होता, असं त्यानं स्वतःला तेव्हाच सांगितलं होतं आणि नंतर तो ते विसरूनही गेला होता. त्याला वाटलं होतं, तीही विसरली असेल. त्यानंतर मूल झालं नाही आणि त्या दिवसाचा विषयही कधी निघाला नाही. घरात ती मुळात बोलायचीच कमी. तिचं सगळं बोलणं भावानं बसून ऐकलं होतं आणि ते आता भिंतीएवढं होऊन समोर चाललं होतं.

त्याला लाज वाटली. खरोखर वाटली, अंग चोरून बसावं इतकी. पण लाज त्याच्याकडे फार वेळ टिकत नसे. इंटरव्हलचे दिवे लागेपर्यंत त्या लाजेचा संताप झाला होता. घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात? नवऱ्याची अशी धिंड काढतात? उद्या वितरकानं हा सिनेमा दहा गावांत लावला, तर दहा गावांतली माणसं 'अरे देवा' म्हणणार. त्यांना ठाऊक नसेल कोण ते, पण बायकोला ठाऊक असेल. त्यानं पुढचा सिनेमा पाहिला नाही.

पाच-साडेपाचच्या सुमाराला त्याला वर बोलावणं आलं. ऑफिसात मॅनेजर होता, मेहुणा होता आणि दाराशी त्याची बायको उभी होती. मेहुण्याचे डोळे सुजले होते. टेबलावर दोन्ही पेट्या उघड्या पडल्या होत्या.

"पण मी स्वतः बघितलंय," बायको मॅनेजरला सांगत होती. तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना आबानं कधी ऐकलं नव्हतं. "मी तीन दिवस समोर उभी होते. लोक आवडलाच्या पेटीत टाकत होते. जास्त लोक. मी सांगते ना तुम्हाला."

"वहिनी, राग मानू नका," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला. "भावाचा सिनेमा म्हटल्यावर तुम्हाला तसंच दिसणार. माझी आई मला राजबिंडा म्हणायची." त्यानं आपल्या टकलावरून हात फिरवला. "माझ्या वडिलांपासून पेटीचा शब्द आहे. तो मी मोडला, तर उद्या कोण विश्वास ठेवेल?"

"पेटीवर आहे ना विश्वास? मग दारातल्या माणसाला विचारा." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर मधोमध उभे होता. सांगा ह्यांना. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

खरंच ऐकलं असतं. मॅनेजरनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात थोडी आशाही होती, कारण तोही काही दुष्ट माणूस नव्हता. मेहुण्यानंही पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पेट्या आणताना घोटाळा झाला असेल, पाट्या पडल्या होत्या, मीच घाईत उलट्या लावल्या. काहीही चाललं असतं. त्याची अब्रूही गेली नसती.

आबानं घसा साफ केला.

"मला काही तसं दिसलं नाही बुवा," तो म्हणाला.

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर सारखा केला आणि दाराच्या चौकटीला टेकली. बोलायचं तेवढं बोलून संपल्यासारखी.

"ताई, राहू दे," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. तो उठून आबाजवळ आला. "भावोजी, माझंच चुकलं. लोकांनी तीन दिवस मला तेच ऐकवलं. आबा तुम्हीच हवे होतात. पहिल्या भागातलाच आबा हवा होता लोकांना. मी उगाच खऱ्याच्या मागे लागलो." त्यानं दोन्ही हातांनी आबाचा हात धरला. "नका मनात ठेवू. पुन्हा नाही असलं काही करायचो. आता आपले पासपोर्टचे फोटो आणि आपण."

अकरा वर्षांत आबाला मिळालेला हा सगळ्यात मोठा मान होता. साक्षीदारांसमोर, हात धरून. त्याला जे हवं होतं ते सगळं ह्या तीन-चार वाक्यांत आलं होतं. त्यानं मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फलाटावरचं ते हसू हसला.

"होतं असं," तो म्हणाला. "माणूस चुकतो. मनाला लावून घेऊ नकोस."

खाली शिडी लावून नवं पोस्टर चढवायला सुरुवात झाली होती. मेहुणा ते बघायला थांबला नाही. मागच्या जिन्यानंच निघून गेला.

आबा घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको आधीच आली होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा नेहमीसारखाच आवाज येत होता, आदळआपट अजिबात नव्हती. वाटेत त्यानं सगळी तयारी केली होती. ती रडली तर काय म्हणायचं, भांडली तर काय म्हणायचं, घरातलं बाहेर का सांगितलंस असा उलटा जाब कसा विचारायचा. चपला काढून तो बाहेरच्या खोलीत बसला आणि वाट बघू लागला.

ती आली नाही. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"आबा, जेवायला या."

त्याला आधी वाटलं, दारात कुणीतरी आलंय. तो उठून बघूनही आला. दारात कुणी नव्हतं. संसाराच्या एवढ्या वर्षांत तिनं त्याला 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. सगळं गाव आबा म्हणायला लागलं तेव्हाही नाही.

तो आत गेला. ताट वाढलेलं होतं, एकच. ती ओट्याशी पाठ टेकून उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता. शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं, तेवढ्याच आस्थेनं ती त्याच्याकडे बघत होती.

"तू नाही बसत?" त्यानं विचारलं.

"तुमचं होऊ दे, आबा."

तो बसला. पहिला घास घेतला. भाजी चांगली झाली होती. मऊ शिजलेली, मीठ बेताचं, त्याला आवडते तशी थोडी तिखट. ते तिला सांगावं असं त्याला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. त्यानं मान वर केली. ती वाट बघत उभी होती असं नाही. ती नुसती उभी होती. त्यानं घास गिळला आणि पाणी मागितलं.

तिनं तांब्या पुढं सरकवला.